शंभर नॅनोमोलरची शांतता

काळोख्या पेटीत, प्रकाशमापकाच्या समोर तंबाखूचं एक कोवळं रोप ठेवलेलं आहे. बारीक तारेनं त्याला हलकेच स्पर्श केला की यंत्रावरचा आकडा उसळतो आणि काही सेकंदांत पुन्हा खाली बसतो. बर्फासारखं गार पाणी घातलं की परत उसळी. पान हललेलं नसतं, रंग बदललेला नसतो, नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. १९९१ मध्ये मार्क नाइट, अँथनी कॅम्पबेल, अँथनी ट्रेवावस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. त्या रोपात एका जेलीफिशचं जनुक बसवलेलं होतं. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन कॅल्शियम भेटलं की निळा प्रकाश देतं. म्हणजे यंत्रावरची प्रत्येक उसळी सांगत होती, की स्पर्श होताच रोपाच्या पेशींत कॅल्शियम वाढलं आणि लगेच ओसरलंही.

पुढच्या तीन दशकांत थंडी, मीठ, पाण्याचा ताण, उष्णता, जखम, बुरशी अशा जवळजवळ प्रत्येक संकटाच्या आरंभी हीच उसळी सापडत गेली. आणि तिथंच खरा पेच उभा राहिला. सगळ्या संकटांचा निरोप्या एकच असेल, तर नेमकं काय घडलं ते झाडाला कळतं कसं? या विषयाची ओढ मला वाटते ती या प्रश्नामुळे. निरोप्याचे खिसे कितीही तपासले तरी तिथं चिठ्ठी सापडत नाही. पेशी आयुष्यभर एक शांतता राखते. ती कुठं मोडली, किती वेळ मोडली आणि ते कोणी ऐकलं, यावर सगळा अर्थ ठरतो.

त्या शांततेला आकडा आहे. निवांत पेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक, नॅनोमोलर म्हणजे मिलिमोलरचा दहा लाखावा भाग). पेशीपटलाच्या बाहेर, पेशीभित्तिकेच्या ओलसर जाळीत, ते मिलिमोलरच्या घरात जातं. पेशीच्या मधोमध पसरलेल्या रिक्तिकेतही तेवढंच. प्रौढ पेशीत ही रिक्तिका बहुतेक जागा अडवते आणि पेशीद्रव तिच्याभोवती पातळ थरासारखं उरतं. म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे दहा हजारपट कॅल्शियम आणि मधे ही अरुंद, जवळजवळ कोरडी पट्टी. हिशेब करून पाहिला तर अंतर अधिक जाणवतं. एक पिकोलिटर पेशीद्रवात मुक्त कॅल्शियमचे जेमतेम ६०,००० आयन असतात. तेवढ्याच आकारमानाच्या रिक्तिकारसात, एक मिलिमोलर धरलं तर, ६० कोटी. अशा ठिकाणी एखादं दार क्षणभर किलकिलं झालं तरी आतलं चित्र पालटतं. सोडियम किंवा पोटॅशियमच्या बाबतीत असं होत नाही. पेशीद्रवात पोटॅशियम १०० मिलिमोलरच्या आसपास असतंच, त्यात थोडी भर पडली तर ती गर्दीत हरवून जाते.

ही पट्टी कोरडी का ठेवावी लागते, याचं कारण संदेशवहनाहून जुनं असावं. पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम वाढलं की फॉस्फेट त्याच्याशी बांधलं जाऊन न विरघळणारा साका तयार होतो. मिलिमोलर कॅल्शियम आत शिरून तिथंच राहिलं तर पेशी जगू शकत नाही. म्हणून ते बाहेर उपसण्याची यंत्रणा आधी हवी. आणि एकदा आतली पातळी इतकी खाली गेली, की तिच्यातला छोटासा चढही ऐकू येऊ लागतो. मग मॅग्नेशियम का नाही? त्याच्यावरही दोनच धनभार आहेत. फरक आहे पाण्याच्या मिठीत. मॅग्नेशियम लहान आहे. आपल्या भोवतीचे पाण्याचे रेणू ते घट्ट धरून ठेवतं आणि नेमक्या सहा जोडण्यांचा आग्रह धरतं. कॅल्शियम आकारानं मोठं. ते पाण्याचे रेणू हजारोपट वेगानं सोडतं, सहा ते आठ जोडण्या वेड्यावाकड्या कोनांतही जुळवून घेतं. प्रथिनाच्या खोबणीत झटकन बसणं आणि झटकन निघणं त्याला जमतं. निरोप्याला हेच दोन गुण हवेत.

उपसा करणारे पंप दोन प्रकारचे. पहिले एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून कॅल्शियम बाहेर किंवा आतल्या कोठारांत ढकलतात. यांच्यातल्या एका कुळाला स्वतःचाच लगाम असतो. पंपाच्या टोकाचा तुकडा त्याला दाबून धरतो आणि कॅल्शियम भरलेलं कॅलमोड्युलिन नावाचं प्रथिन येऊन त्या तुकड्याला चिकटलं की लगाम सुटतो. म्हणजे कॅल्शियम वाढणं हीच ते उपसण्याची आज्ञा. दुसरे रिक्तिकेच्या पटलावर बसतात, रिक्तिकेतला प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित आयन) बाहेर सोडून त्याच्या बदल्यात कॅल्शियम आत घेतात. त्यांची पकड ढिली पण उचल मोठी, त्यामुळे पूर ओसरवण्याचं मुख्य काम त्यांचं आणि शेवटचे थेंब टिपायचं काम एटीपीवाल्यांचं. एक उघडा चॅनेल, म्हणजे पटलातलं आयनांचं दार, सेकंदाला लाखो आयन सोडू शकतो. पंप सेकंदाला शंभरेक उचलतो. कॅल्शियमच्या आलेखाला जी चढण आणि उतरण दिसते तिचं मूळ या विषमतेत आहे. चढण उभी असते, उतरण रेंगाळणारी.

चॅनेलची कुळं अनेक आहेत. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या प्रयोगशाळेच्या लाडक्या रोपट्यात सीएनजीसी कुळाचे २० आणि प्राण्यांच्या मेंदूतल्या ग्लुटामेट ग्राहकांशी नातं सांगणारे जीएलआर कुळाचेही २० सदस्य आहेत. शिवाय पटल ताणलं की उघडणारे ओस्का. त्यांतला ओस्का१ हा २०१४ मध्ये हाती लागला. तो बिघडलेल्या रोपांत बाहेरचं द्रावण दाट झालं तरी कॅल्शियमची उसळी फार मंद येते. रिक्तिकेच्या पटलावर टीपीसी१. यांतलं कोणतं दार कोणत्या संकटाला उघडतं, याची यादी अजून भरते आहे. तिच्यावर इथं रेंगाळत नाही, कारण दारापेक्षा ऐकणारा जास्त महत्त्वाचा आहे, असं माझं मत आहे.

ऐकणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध कॅलमोड्युलिन. डमरूसारखं प्रथिन, दोन्ही टोकांना दोन-दोन मिळून कॅल्शियमसाठी चार खोबण्या. प्रत्येक खोबणी बारा अमिनो आम्लांच्या वळशानं बनलेली. कॅल्शियम बसलं की टोकं उघडतात, आतला पाण्याला नको म्हणणारा भाग उघडा पडतो आणि तो दुसऱ्या प्रथिनांना धरतो. पण झाडांनी इथं प्राण्यांपेक्षा बराच वेगळा संसार मांडला आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये कॅलमोड्युलिनसदृश प्रथिनं पन्नासच्या आसपास, कॅल्शियमची खोबणी आणि फॉस्फेट लावणारं विकर एकाच साखळीत जोडलेली प्रथिनं ३४. त्याखेरीज सीबीएल नावाची १० संवेदकं आणि त्यांच्याशी जोडी जमवणारी सीआयपीके नावाची २६ विकरं. दहा आणि सव्वीस यांच्या जोड्या मांडत गेलं की एकाच उसळीचे किती वेगवेगळे अर्थ लागू शकतात याची कल्पना येते.

मिठाचं उदाहरण घेऊ, कारण तिथं पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत साखळी जुळलेली आहे. तिचा शोध लागला तो फार साध्या चाचणीतून. आगरच्या उभ्या थाळीवर चार-पाच दिवस रोपं वाढवायची. मग ती ५० मिलिमोलर मीठ असलेल्या दुसऱ्या थाळीवर हलवायची आणि थाळी अशी उलटी उभी करायची, की मुळांची टोकं आकाशाकडे होतील. निरोगी मूळ गुरुत्वाच्या दिशेनं वळतं आणि वाढत राहतं. आकड्यासारखा आकार होतो. मिठाला फाजील हळवं असलेलं मूळ वळण्याइतकंही वाढत नाही. हजारो रोपांतून असे न वळलेले हुडकायचे. जियान-कांग झू यांच्या गटानं ते हुडकले आणि त्या जनुकांना ‘साल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह’ म्हणून एसओएस हे नाव मिळालं. त्यांतलं एसओएस३ हे कॅल्शियमचं संवेदक आहे, हे १९९८ मध्ये कळलं.

साखळी अशी चालते. मुळाशी सोडियम वाढलं की काही सेकंदांत पेशीद्रवात कॅल्शियम चढतं. एसओएस३ त्याला धरतं. या प्रथिनाच्या टोकाला मेदाम्लाची शेपटी असते, त्यामुळे ते पेशीपटलाला चिकटून राहू शकतं. एसओएस२ हे विकर एरवी स्वतःच्याच शेपटीनं स्वतःचं तोंड मिटून बसलेलं असतं. एसओएस३ त्या शेपटीतला ठरावीक भाग पकडतं आणि तोंड मोकळं होतं. मग एसओएस२ पटलावरच्या एसओएस१ला फॉस्फेट लावतं. एसओएस१ हा अदलाबदल करणारा पंप. एक प्रोटॉन आत, एक सोडियम बाहेर. प्रोटॉनचा हा ओघ टिकवायला पटलावरचा दुसरा पंप एटीपी जाळत असतो. म्हणजे खारट मातीतलं मूळ सतत ऊर्जा खर्चून मीठ बाहेर फेकत असतं. वाढ खुंटते ती निव्वळ विषबाधेमुळे नाही. त्यात या खर्चाचाही वाटा असतो.

यात एक निरीक्षण फार बोलकं आहे. एसओएस३ बिघडलेल्या रोपाला बाहेरून भरपूर कॅल्शियम दिलं तर त्याचा हळवेपणा बराचसा झाकला जातो. बहिऱ्या माणसापुढे मोठ्यानं बोलावं, तसं. पण मुळात सोडियम आलं हे ओळखतं कोण? २०१९ मध्ये त्याचा एक धागा हाती आला. पेशीपटलाच्या बाहेरच्या थरात शर्करा लावलेले स्फिंगोलिपिड नावाचे काही मेदरेणू असतात. त्यांच्यावरच्या ऋणभाराला सोडियम चिकटतं आणि त्यातून कॅल्शियमची दारं उघडतात. ते लिपिड घडवणारं विकर बिघडलेल्या रोपांत मिठाला येणारी उसळीच खालावते. ओळखणारं काही प्रथिनच असलं पाहिजे, असा सगळ्यांचा समज होता. ओळखत होता मात्र पटलाचा मेद.

थंडीतही पटलाचीच कहाणी आहे, वेगळ्या रीतीनं. तापमान उतरलं की पटल ताठर होतं आणि कॅल्शियम आत येतं. लसूणघासाच्या पेशींवर २००० मध्ये झालेल्या कामात याचा उलटा पुरावा मिळाला. पटल रसायनानं ताठर केलं तर २५ अंशांतही थंडीची जनुकं जागी होतात, आणि पटल सैल ठेवणारं रसायन घातलं तर गारठ्यातही ती जागी होत नाहीत. ताठर करणारं ते रसायन होतं डीएमएसओ. हे लक्षात ठेवावं, कारण प्रयोगशाळेत प्रत्येक औषध विरघळवायला बिनदिक्कत वापरलं जाणारं द्रावकही तेच.

थंडीच्या प्रयोगांबद्दल एक तक्रार मनापासून नोंदवावीशी वाटते. वीस-बावीस अंशांतल्या रोपावर बर्फाचं पाणी ओतायचं आणि उठलेल्या टोकदार उसळीला ‘थंडीचा संदेश’ म्हणायचं, अशी रीत रुळली आहे. मुळं तापमानाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, तापमान उतरण्याच्या वेगाला दाद देतात, हे १९९९ पासून माहीत आहे. मोकळ्या रानात रात्र तासाला काही अंशांनी गार होत जाते. सेकंदात वीस अंश नाही. गारठ्याशी जुळवून घेण्याची खरी प्रक्रिया, म्हणजे सीबीएफ ही म्होरकी जनुकं जागी होणं, मग त्यांच्या हाताखालची शेकडो जनुकं, शर्करा साठणं, पटलाचा मेद बदलणं, ही मिनिटांत सुरू होऊन दिवसांवर पसरते. तिच्या तोंडाशी असलेलं कॅल्शियम ऐकायचं असेल तर तापमान हळू उतरवणारा, तापमान टिपणारं थर्मोकपल रोपाशेजारी ठेवलेला, संगणकानं चालणारा थंड ठोकळा हवा. बर्फाची बादली सोपी पडते, पण तिच्यातून जे ऐकू येतं ती किंकाळी असते.

आता मोजमाप. मुक्काम इथं जरा लांबेल, कारण या विषयातल्या चुका बहुतेक इथंच होतात. जेलीफिशच्या ज्या प्रथिनानं सुरुवात केली, त्याचं नाव एक्वोरिन. ओसामू शिमोमुरा यांनी ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या फ्रायडे हार्बर इथं वेगळं केलं. जेलीफिशच्या कडा पिळून काढलेला रस त्यांनी मोरीत ओतला आणि मोरी निळ्या प्रकाशानं उजळली. मत्स्यटाकीतलं समुद्राचं पाणी त्या मोरीत येत होतं आणि त्यात कॅल्शियम होतं. कॅल्शियम बांधून ठेवलं तर प्रकाश थांबतो आणि प्रथिन शाबूत काढता येतं, हे त्यावरून उमगलं.

रोपात एक्वोरिनचं प्रथिन तयार होतं, पण प्रकाश देणारा कोएलेंटेराझिन हा छोटा रेणू बाहेरून द्यावा लागतो. सात ते दहा दिवसांची रोपं एकेक करून पाण्यात ठेवायची, त्यात ५ ते १० मायक्रोमोलर कोएलेंटेराझिन, आणि रात्रभर अंधारात. साठ्याचं द्रावण मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये करायचं, छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांत, उजेडापासून झाकून. डीएमएसओमध्ये ते टिकत नाही. आणि टिकलं असतं तरी पटलाचं कारण वर आलंच आहे. नळी उचलून यंत्रात ठेवणं हाही रोपाला स्पर्शच असतो. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी रोप यंत्रात तसंच निवांत ठेवावं, पायाभूत रेषा सपाट होईपर्यंत.

मग उद्दीपन. १०० मायक्रोलिटर पाण्यातल्या रोपावर ३०० मिलिमोलर मिठाचं १०० मायक्रोलिटर द्रावण सोडलं की मिठाची अखेरची तीव्रता १५० मिलिमोलर होते. पण त्या द्रावणाबरोबर तीन गोष्टी गेल्या: मीठ, द्रावणाचा दाटपणा आणि थेंबाचा धक्का. तिन्ही वेगळ्या केल्याशिवाय आलेख वाचू नये. धक्क्यासाठी त्याच तापमानाचं, त्याच वेगानं सोडलेलं १०० मायक्रोलिटर साधं पाणी. दाटपणासाठी सॉर्बिटॉल हा साखरेसारखा पदार्थ, अखेरची तीव्रता ३०० मिलिमोलरच्या जवळ, कारण मीठ विरघळलं की एकाचे दोन कण होतात. सॉर्बिटॉलचं द्रावण पाण्याहून जड असतं, तळाशी बसतं आणि हळू मिसळतं. त्यामुळे त्याची उसळी उशिरा आली तर दोष लगेच झाडाला देऊ नये. सिरिंजमधलं द्रावण खोलीपेक्षा तीन-चार अंश गार असलं तरी थंडीची उसळी मिठाच्या नावावर जमा होते. ही चूक फार वेळा होते आणि छापील आलेखात ओळखू येत नाही.

शेवटी उरलेलं सगळं एक्वोरिन जाळायचं. दोन मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि २० टक्के इथेनॉल असलेलं द्रावण रोपाच्या पाण्याइतकंच घालायचं. इथेनॉल पटलं फोडतं, कॅल्शियम धो-धो आत जातं आणि शिल्लक प्रकाश एकदम बाहेर पडतो. निर्जल कॅल्शियम क्लोराइड विरघळताना चांगलंच तापतं, तेव्हा हे द्रावण आदल्या दिवशी करून गार होऊ द्यावं. प्रकाश पायाभूत रेषेजवळ परत येईपर्यंत मोजणी थांबवायची नाही. घाईत दोन मिनिटांत थांबवलं तर ‘उरलेला एकूण प्रकाश’ कमी भरतो आणि आधीची सगळी कॅल्शियमची मूल्यं फुगतात.

कारण सूत्र त्या एकूण बेरजेवर उभं आहे. त्या क्षणाचा सेकंदाचा प्रकाश भागिले तिथून पुढे उरलेला एकूण प्रकाश, याला के म्हणायचं. केच्या लॉगचं ऋण घ्या, ०.३३२५८८ नं गुणा, त्यात ५.५५९३ मिळवा; येणारा आकडा म्हणजे पीसीए, म्हणजे पीएच जसा प्रोटॉनचा तसा हा कॅल्शियमचा. के एक दशसहस्रांश असेल तर पीसीए ६.८९, म्हणजे सुमारे १२९ नॅनोमोलर. के एक शतांश झाला तर ६.२२, म्हणजे सुमारे ५९६ नॅनोमोलर. प्रकाश शंभरपट वाढला आणि कॅल्शियम जेमतेम साडेचारपट. एक्वोरिनचा प्रकाश कॅल्शियमच्या जवळजवळ तिसऱ्या घातानं वाढतो, म्हणून हे असं. कच्चा प्रकाश आलेखावर मांडून ‘प्रतिसाद शंभरपट’ असं लिहिणं म्हणूनच चूक. आणखी एक बारकावा यातच दडला आहे. रोपाच्या लाखो पेशींचा प्रकाश एकत्र मोजला जातो, तेव्हा मोजक्या पेशी जोरात पेटल्या तरी त्या बाकीच्यांचा आवाज बुडवतात. ५९६ हा आकडा प्रत्यक्षात कोणत्याच पेशीचा नसू शकतो. आणि हे स्थिरांक मूळ एक्वोरिन आणि मूळ कोएलेंटेराझिनचे आहेत. सुधारित जोडी वापरली तर नवे काढावे लागतात.

एकेक पेशी पाहायची तर प्रतिमा हवी, म्हणजे जीकॅम्प किंवा कॅमेलिऑनसारखी चमकणारी प्रथिनं. जीकॅम्पवर ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकायचा, ५१० च्या आसपासचा हिरवा टिपायचा. इथली अडचण गंमतीची नाही, गंभीर आहे. निळा प्रकाश झाडाला दिसतो. फोटोट्रोपिन ही निळ्या प्रकाशाची ग्राहक प्रथिनं जागी झाली की स्वतःच कॅल्शियम वाढवतात. म्हणजे ज्या दिव्यानं कानोसा घ्यायचा तोच दिवा झाडाशी बोलत असतो. दिवा मंद ठेवणं, दोन चित्रांत अंतर ठेवणं आणि उद्दीपन न देता तेवढाच वेळ नुसता दिवा पाडून पाहणं एवढं तरी करावंच. दुसरं म्हणजे पीएच. अनेक ताणांत पेशीद्रवाचा पीएचही हलतो आणि या प्रथिनांची चमक पीएचनंही बदलते. दोन रंगांचं गुणोत्तर मोजणारा कॅमेलिऑन इथं जरा जास्त भरवशाचा: कॅल्शियम खरंच वाढलं तर एक रंग चढतो आणि दुसरा उतरतो. दोन्ही एकत्र चढले किंवा एकत्र उतरले, तर रोप हललं किंवा दृष्टिपातळी सरकली असं समजावं.

रोधकांनी कॅल्शियमचा मार्ग अडवून पाहणं हाही जुना उपाय, आणि त्याचेही सापळे ठरलेले. लँथॅनम क्लोराइड एक मिलिमोलर घालतात, पण मुराशिगे-स्कूग या रोपं वाढवायच्या नेहमीच्या माध्यमात सव्वा मिलिमोलर फॉस्फेट असतं. लँथॅनम त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं आणि चॅनेलपर्यंत पोचतच नाही. मग ‘लँथॅनमचा परिणाम नाही’ असा निष्कर्ष निघतो. आधी रोप फॉस्फेट नसलेल्या द्रावणात धुऊन घ्यावं. ईजीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, पण ते उदासीन पीएचला. पीएच एक अंकानं उतरला की त्याची पकड जवळपास शंभरपट ढिली होते, आणि रोपांचं माध्यम बहुधा ५.८ वर असतं. शिवाय कॅल्शियम पकडताना ते प्रोटॉन सोडतं, म्हणजे पीएच स्थिर धरणारा बफर अशक्त असेल तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतं. पीएचला कमी भीक घालणारं बाप्टा अशा वेळी बरं. आणि दोन्हींपैकी काहीही तासभर ठेवलं तर पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनचं कॅल्शियमही निघून येतं, पटलं गळू लागतात. मग मोजतो आहोत ते संकट आपणच आणलेलं असतं.

हे सगळं सांभाळून ज्यांनी पाहिलं त्यांना दिसलेली दृश्यं विलक्षण आहेत. २०१४ मध्ये सायमन गिलरॉय यांच्या गटानं मुळाच्या एका फांदीवर १०० मिलिमोलर मीठ ठेवलं. कॅल्शियमची लाट मुळाच्या आतल्या थरांतून सेकंदाला सुमारे ४०० मायक्रोमीटर वेगानं वर गेली, आणि जिथं मीठ पोचलंच नव्हतं त्या पानांत मिठाची जनुकं जागी झाली. २०१८ मध्ये मासात्सुगु टोयोटा, गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी अळीनं कुरतडलेल्या पानापासून निघालेली लाट चित्रित केली. वेग सेकंदाला एक मिलिमीटरच्या आसपास, दोनेक मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत. जखमेतून सांडलेलं ग्लुटामेट तिची ठिणगी होतं. जीएलआर कुळातली ३.३ आणि ३.६ ही दोन दारं काढून टाकली तर लाट दूरच्या पानांपर्यंत पोचतच नाही. कॅल्शियम स्वतः एवढा प्रवास करत नाही. नितळ पाण्यातही विसरणानं एक सेंटिमीटर जायला त्याला सतराएक तास लागतील, आणि पेशीद्रवात तर पदोपदी प्रथिनं त्याला धरून ठेवतात. प्रत्येक पेशी आपलं दार स्वतः उघडते आणि शेजारणीला उठवते.

एकाच निरोप्याचा पेच मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. एक मत असं, की उसळीचा आकार, म्हणजे उंची, लांबी, आवर्तनं, ही प्रत्येक संकटाची सही असते. दुसरं मत, की कॅल्शियम हा नुसता खटका आहे आणि तपशील इतर वाटांनी येतो. हा प्रश्न २००३ मध्ये मार्क नाइट यांनी सहलेखनात उघडपणे विचारला होता. पर्णरंध्रांच्या रक्षक पेशी पहिल्या मताच्या बाजूनं साक्ष देतात. ज्युलियन श्रोडर यांच्या गटानं २००१ मध्ये या पेशींवर बाहेरून ठरावीक आवर्तनं लादली. कॅल्शियम वाढलं की रंध्र मिटतं, ते कशाही उसळीनं. पण नंतर तासन्‌तास मिटलेलं राहावं की पुन्हा उघडावं, हे आवर्तनांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर यांवर ठरलं. दोन थरांचं हे उत्तर मला पटतं: खटका लगेचच्या कृतीसाठी, सही टिकाऊ निर्णयासाठी. सगळ्या पेशींत असंच असेल, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

इथं एक गैरसमज थांबवायला हवा. संदेशाचं कॅल्शियम आणि पोषणाचं कॅल्शियम यांचं नाव एक, हिशेब वेगळा. टोमॅटोचं बूड काळं पडतं, सफरचंदावर कडवट खड्डे येतात, लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा जळतात, ते पोषणाच्या कॅल्शियमची वाट चुकल्यामुळे. हे कॅल्शियम पाण्याबरोबर जलवाहिनीतून वर जातं आणि अन्नवाहिनीतून जवळजवळ फिरत नाही. जास्त पाणी उडवणारी मोठी पानं ते ओढून घेतात. कमी पाणी उडवणारं फळ मागे राहतं. जमिनीत भरपूर असूनही हे होतं. कारण असतं अनियमित पाणी किंवा दमट कोंदलेली हवा, आणि उपाय मात्र आणखी कॅल्शियम ओतण्याचा होतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. पानावर कॅल्शियम फवारून झाडाची ‘संकेतयंत्रणा चेतवण्याचे’ दावे तर त्याहून पोकळ. बाहेर आधीच आतल्याहून दहा हजारपट आहे. दार उघडायचं की नाही, हे बाहेरच्या साठ्यावर सहसा ठरत नाही. खारट मातीत कॅल्शियम देण्याचा लाभ खरा आहे, तो सोडियमचा शिरकाव कमी होतो आणि पटलं सावरतात म्हणून.

मोजणीच्या वहीत एक रकाना हमखास रिकामा राहतो, तो रोपाच्या भूतकाळाचा. पेशीद्रवातलं निवांत कॅल्शियमही दिवसाच्या प्रहरांप्रमाणे वरखाली होतं, हे १९९५ मध्ये दिसलं. म्हणून सकाळची रोपं दुपारच्या रोपांशी ताडून पाहू नयेत. उजेडातून अंधारात नेलं की थोड्या वेळानं हरितलवकांत कॅल्शियमची वेगळीच चढण येते, आणि एक्वोरिनचा प्रयोग तर अंधारातच होतो. १९९८ मध्ये हेदर नाइट आणि सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिसवर दाखवलं, की आधी पाण्याचा ताण सोसलेलं रोप आणि आधी ऑक्सिडीकारक ताण सोसलेलं रोप यांना नंतर पाण्याचा ताण आणणारा तोच मॅनिटॉल दिला तर कॅल्शियमचा आलेख अनुभव नसलेल्या रोपापेक्षा वेगळा येतो. रोपांची थाळी आठवडाभर दाराजवळच्या फळीवर होती की आतल्या, तिच्यावर पंख्याचा वारा येत होता का, आदल्या दिवशी आगर सुकलं होतं का, थाळी हलवताना किती रोपांची मुळं ओढली गेली, हे सगळं त्या आलेखात उतरलेलं असतं.